विद्यापीठाचा जुना परिसर डिजिटल करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिसर डिजिटल करण्यासाठी नेमलेल्या समितीच्या पहिल्याच बैठकीत हे प्रश्न निघतात, पण बहुतेक वेळा उलट्या क्रमाने. कोणतं अ‍ॅप घ्यायचं यावर तासभर चर्चा होते आणि तारा कुठून न्यायच्या हे चहा येईपर्यंतच्या पाच मिनिटांत उरकतं. खाली क्रम मुद्दाम बदलला आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते आधी घेतलं आहे.

डिजिटल परिसर म्हणजे सगळं शिक्षण ऑनलाइन नेणं का?

नाही. सगळंच ऑनलाइन न्यायचं तर परिसर हवाच कशाला? त्यासाठी मुक्त विद्यापीठांचा वेगळा आणि चांगला रुळलेला मार्ग आहे. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली स्थापन झालं ते दूरचित्रवाणी, रेडिओ आणि टपालाच्या जोरावर. इथे प्रश्न आवारात येणाऱ्या माणसांचा आहे. त्यांचं शिकणं, शिकवणं, शोधणं आणि कार्यालयातलं काम जागेमुळे किंवा कागदामुळे अडू नये, एवढीच अपेक्षा.

विद्यापीठांना हे नवं आहे असंही नाही. संगणकावर धडे देणारी प्लेटो ही प्रणाली इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झाली. बेटांवर विखुरलेल्या शाखा जोडण्यासाठी हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये अलोहानेट हे बिनतारी जाळं उभारलं. आणि १९८३ साली अमेरिकेतल्या एमआयटीने डीईसी व आयबीएम या संगणक कंपन्यांसह अथेना प्रकल्प हाती घेतला. त्यातली कल्पना आजही लागू पडते: विद्यार्थी आवारातल्या कुठल्याही यंत्रासमोर बसला तरी त्याच्या फायली त्याला मिळाल्या पाहिजेत. म्हणजे महत्त्व यंत्राला नव्हतं, समोर बसलेला माणूस कोण आहे हे ओळखण्याला होतं. त्यासाठी लिहिलेली केर्बेरोस ही ओळख पटवण्याची पद्धत आज जगभरच्या कार्यालयांत रोज वापरली जाते, वापरणाऱ्यांना नावही ठाऊक नसताना.

मग सुरुवात कुठून करायची?

माणसांच्या यादीपासून. ऐकायला नीरस वाटतं, पण घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

जुन्या विद्यापीठात एकाच विद्यार्थिनीची नोंद प्रवेश विभागात एक, परीक्षा विभागात दुसरी, ग्रंथालयात तिसरी आणि वसतिगृहात चौथी असते. प्रवेशाच्या वेळी तिचं आडनाव चुकीचं टंकलं गेलं. तिने अर्ज केला, प्रवेश विभागाने दुरुस्ती केली. परीक्षा विभागाकडे मात्र जुनीच यादी होती, कारण तिथली फाइल सत्राच्या सुरुवातीला एकदाच पेनड्राइव्हवरून चढवलेली. हॉल तिकिटावर जुनं नाव, ओळखपत्रावर नवं, आणि दारावरच्या पर्यवेक्षकाला दोन्ही समोर धरून निर्णय घ्यायचा. अशा ठिकाणी कितीही देखणं अ‍ॅप आणलं तरी ते तीच चूक जास्त वेगाने पसरवणार.

म्हणून पहिलं काम असं: प्रत्येक माणसासाठी एकच मूळ नोंद, ती बदलण्याचा अधिकार एकाच विभागाला, आणि बाकी सगळ्या प्रणालींनी तिथूनच माहिती उचलायची. नोंद कधी जन्मते याइतकंच ती कधी मिटते हेही ठरवावं लागतं. निवृत्त प्राध्यापकाचं लॉगिन किती दिवस चालू ठेवायचं? संशोधन अर्धवट सोडलेल्याचं? पाहुण्या व्याख्यात्याचं? हे निर्णय तांत्रिक नाहीत, ते कुलसचिवांच्या टेबलावरचे आहेत. तंत्रज्ञांवर सोडले की प्रत्येक जण आपापल्या समजुतीप्रमाणे करतो आणि वर्षांपूर्वी सोडून गेलेल्यांची खाती तशीच जिवंत राहतात.

एकच ओळख पक्की झाली की बाकीचं सोपं होतं. उत्तम उदाहरण एड्युरोम या विद्यापीठांच्या सामायिक वायफाय व्यवस्थेचं. नेदरलँड्समधून २००२ च्या सुमारास निघालेली ही कल्पना आज शंभराहून जास्त देशांत चालते. पाहुणा संशोधक दुसऱ्या विद्यापीठात लॅपटॉप उघडतो. तिथलं वायफाय त्याची विचारणा त्याच्या मूळ विद्यापीठाकडे पाठवतं, ते ‘हो, हा आमचाच’ म्हणतं आणि जोडणी होते. यजमान विद्यापीठाला पासवर्ड कळतही नाही. हे सगळं उभं आहे ते प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची यादी खरी असेल या विश्वासावर.

अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवूनही वायफाय का रडतं?

अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे वायफायचा सिग्नल सोडणारी पेटी. तक्रार ‘सिग्नल येत नाही’ अशी येते, पण दुखणं वेगळं असतं. सिग्नल पोचणं ही एक गोष्ट आणि तीनशे जणांना एकाच वेळी पुरणं ही दुसरी. सभागृहात तीनशे विद्यार्थी म्हणजे फोन, लॅपटॉप, घड्याळं धरून सहज सहाशे उपकरणं, आणि ती सगळी एकाच हवेत पाळीपाळीने बोलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल व्यवहारात तीनच: १, ६ आणि ११. तिथे आणखी चार अ‍ॅक्सेस पॉइंट लावले तर गर्दी कमी होत नाही, गोंगाट वाढतो.

दुसरी सवय म्हणजे पॉइंटची ताकद पूर्ण वाढवणं. मग फोनवर रेघा पूर्ण दिसतात, पण फोनचा रेडिओ लहान, त्याचं उत्तर परत पोचत नाही. ‘फुल नेटवर्क आहे पण काही उघडत नाही’ ही तक्रार बहुधा इथलीच. ताकद कमी, पॉइंट खोलीच्या आत आणि जास्तीत जास्त रहदारी ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर, हा खरा उपाय. व्हरांड्यात पॉइंट टांगून दगडी भिंतीपलीकडच्या वर्गाला पुरवठा करायचा हा जुना हिशेब आता चालत नाही. वारंवारता जितकी जास्त तितकी जाड भिंत तिला जास्त खाते.

तिसरी गोष्ट कोणी तपासत नाही, ती म्हणजे जिन्याखालचं कपाट. उघडलं की एका बाजूला झाडू, बादली, फिनाइल आणि दुसऱ्या बाजूला अख्ख्या मजल्याच्या तारा जाळ्याला जोडणारी पेटी, म्हणजे नेटवर्क स्विच. पॅच कॉर्डचा गुंता, निम्म्या तारांना लेबल नाही, पंख्याच्या जाळीवर धुळीचा पापुद्रा. नवा महागडा पॉइंट याच स्विचकडून वीज घेतो. इथरनेटच्या तारेतून वीज देण्याचं २००३ चं मानक दर पोर्टला १५.४ वॅट देतं. २००९ च्या मानकात ती मर्यादा ३० वॅटवर गेली आणि आजचे बरेच पॉइंट तेवढी मागतात. कमी वीज मिळाली तर यातले कित्येक बंद पडत नाहीत. आतले काही रेडिओ बंद करून अर्ध्या क्षमतेने चालत राहतात आणि दिवा मात्र लागलेला दिसतो. मग महिनोन् महिने कंपनीला दोष दिला जातो.

वारसा इमारतीत तारा कशा टाकायच्या?

भिंत न फोडता आणि उद्या काढता येतील अशा. बंद पडलेली धुराडी, पोटमाळा, लाकडी जमिनीखालची पोकळी, पूर्वीच्या गॅसच्या किंवा घंटेच्या तारांच्या वाटा, आधी हे सगळं नकाशावर आणा. दगडात खाच मारणं हा शेवटचा पर्याय. भिंतीवरून नळी न्यावीच लागली तर ती सांध्यातल्या चुन्यात बसवा, दगडात नाही. चुना पुन्हा भरता येतो.

दोन इमारतींमध्ये तांब्याची तार नको, काचेचं फायबर घाला. तांब्याच्या इथरनेटची मर्यादा १०० मीटर हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण असं, की दोन इमारतींची भूमी-जोडणी (अर्थिंग) वेगवेगळ्या विद्युत पातळीवर असू शकते. जवळपास वीज पडली की तो फरक तांब्यातून धावतो आणि दोन्हीकडची उपकरणं जळतात. काच वीज वाहत नाही. आणि एकदा चर खणलाच आहे तर दोन रिकाम्या नळ्या जास्त टाका. खणण्याच्या खर्चापुढे नळीचा खर्च किरकोळ असतो.

प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड हवाच ना?

माझं मत विचाराल तर यादीत तो शेवटी यावा. आधी आवाज, मग प्लग, मग प्रकाश.

उंच छताच्या जुन्या सभागृहात आवाज घुमतो. समोर बसलेल्याला ते चालून जातं, कारण तो ओठही पाहत असतो. मायक्रोफोनला हे जमत नाही. तिथलं व्याख्यान रेकॉर्ड केलं की विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतं. छताला आणि मागच्या भिंतीला ध्वनिशोषक पटल लावणं हे कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त फळ देतं. आणि घरून जोडलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक ऐकू येतात, पण बाकावरून आलेला प्रश्न येत नाही. निम्मा तास तो एकतर्फी संवाद ऐकत बसतो. छताला लावलेले मायक्रोफोन नसतील तर शिक्षकाने प्रश्न पुन्हा मोठ्याने म्हणायचा, ही साधी सवयही पुरते.

प्लगबद्दल काय सांगायचं! शेवटच्या रांगेत भिंतीला एकच सॉकेट, त्याला एक एक्स्टेन्शन, त्या एक्स्टेन्शनला दुसरं, आणि मधल्या वाटेवरून गेलेल्या वायरला प्रत्येक जण अडखळणार.

फर्निचरचा विचार मात्र गंभीरपणे व्हावा. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या व्याख्यानात मध्येच प्रश्न टाकून विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावलं, तेही नेहमीच्या सभागृहात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या स्केल-अप प्रयोगाने पुढे जाऊन खोलीच बदलली: नऊ जणांचं गोल टेबल, तीन-तीनचे तीन गट, शिक्षक मधून फिरणारे. यात तंत्रज्ञान कमीच आहे. पण पायऱ्यांच्या सभागृहात खिळून बसवलेली बाकं असतील तर असं शिकवायची इच्छा असूनही शिक्षकाचे हात बांधलेले राहतात.

व्याख्यानं रेकॉर्ड करून ठेवली तर वर्ग ओस पडतील का?

काही पडतील, आणि कोणते पडतात ते पाहण्यासारखं असतं. एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्या जगाला फुकट देण्याची घोषणा २००१ साली केली. म्हणून तिथे प्रवेशासाठीची चढाओढ कमी झाली नाही.

ग्रंथालयातली पुस्तकं हलवून तिथे बसायच्या जागा करायच्या का?

हलवा, पण लांब नको. शिकागो विद्यापीठाने २०११ मध्ये मान्सुएतो ग्रंथालय उघडलं. वर काचेच्या घुमटाखाली वाचनकक्ष आणि खाली जमिनीत सुमारे ३५ लाख ग्रंथ मावतील एवढं कोठार. मागणी नोंदवली की यांत्रिक क्रेन पेटी वर आणते. नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या हंट ग्रंथालयातही २०१३ पासून अशीच व्यवस्था आहे. पुस्तकं आवारातच राहिली आणि माणसांना जागा मिळाली.

तोटाही आहे. एक पुस्तक शोधायला जावं आणि शेजारचं हाती लागावं, हे सुख पेटीत मिळत नाही. ज्या विषयांत असं चाळणं हाच अभ्यासाचा भाग आहे, त्यांची कपाटं उघडी ठेवा. कोणती, हे ग्रंथपालांना विचारा, सल्लागाराला नको.

ई-पुस्तकांबद्दल एक सावधगिरी. छापील प्रत विकत घेतली की ती तुमची. ई-संग्रहाचं बहुधा लायसन्स असतं, म्हणजे भाडं. वर्गणी थांबली की आधीच्या वर्षांचे अंक वाचता येतील का, हे करारात लिहून घ्या. नसेल तर कपाट रिकामं करण्याआधी दोनदा विचार करा.

अपंग विद्यार्थ्यांसाठीचं काम नंतरच्या टप्प्यात घेतलं तर?

तर ते दुप्पट पडेल, किंवा होणारच नाही. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने हजारो व्याख्यानं लोकांसाठी खुली ठेवली होती. अनेकांना सबटायटल नव्हती. कर्णबधिरांना ती वापरता येत नाहीत, असं अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६ मध्ये कळवलं. एवढ्या साठ्याला सबटायटल देण्याऐवजी विद्यापीठाने मार्च २०१७ पासून २० हजारांहून अधिक ध्वनिफिती व चित्रफिती लोकांसाठी बंदच केल्या. तेव्हा बाहेरच्या कोणालाच काही मिळालं नाही.

रोजच्या कामात सगळ्यात मोठा अडथळा मात्र साधाच असतो: वाकडी स्कॅन केलेली पीडीएफ. डोळ्यांना अक्षरं दिसतात, पण दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी ते नुसतं चित्र. सूचना, वेळापत्रक, प्रश्नपेढी, सगळं असंच चढवलेलं. मूळ फाइल असताना छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करण्याची रीत बंद केली तरी अर्धं काम होईल. वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी २.२ हे ऑक्टोबर २०२३ चं मानक निविदेतच लिहा आणि तपासणी दृष्टिहीन वापरकर्त्याकडून करून घ्या.

ऑनलाइन परीक्षेत कॉपी कशी रोखायची? आणि एआयचं काय?

कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवायला लावणं हा उपाय कायद्याच्या कसोटीवरही डळमळीत आहे. क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठातल्या अशा झडतीला एका विद्यार्थ्याने आव्हान दिलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण घर हे परीक्षा केंद्र नव्हे ही जाणीव सगळीकडे लागू आहे.

एआयने लिहिलेलं ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर कोणाला नापास करू नका. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळख-साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. घरी लिहून आणलेल्या निबंधानंतर दहा मिनिटं समोर बसवून विचारपूस करा: हा मुद्दा का घेतला, हा संदर्भ कुठे सापडला? वेळ लागतो. पण आवारात माणसं समोरासमोर येतात याचा फायदा दुसरा कुठे घ्यायचा?

सायबर हल्ल्याची खरंच एवढी भीती आहे?

आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाची गोष्ट पुरेशी आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे फसव्या मेलमधली लिंक उघडली गेली. हल्लेखोर दोन महिने गुपचूप आत वावरले आणि २३ डिसेंबरला, ऐन सुट्टीच्या तोंडावर, २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. काही बॅकअपही त्याच जाळ्यात जोडलेले होते, तेही गेले. विद्यापीठाने ३० बिटकॉइन मोजले, तेव्हाचे जवळपास दोन लाख युरो. पुढे पोलिसांनी त्यातला काही भाग जप्त केला आणि दरम्यान बिटकॉइनचा भाव चढल्याने त्याची किंमत मूळ खंडणीहून जास्त भरली. अशा नशिबावर कोणी विसंबू नये.

मला या प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. विद्यापीठाने काय चुकलं ते जाहीरपणे मांडलं. एरवी अशा वेळी ‘तांत्रिक अडचणीमुळे’ अशी एक ओळ लावून विषय मिटवला जातो.

किमान एवढं करा: एक बॅकअप जाळ्यापासून तोडलेला ठेवा, तो परत चढवून दाखवायची तालीम वर्षातून एकदा करा, आणि प्रशासकाचा पासवर्ड रोजच्या मेलसाठी वापरू देऊ नका.

ओळखपत्र टॅप, सेन्सर, चेहऱ्यावरून हजेरी... हे कुठवर न्यायचं?

खोलीत किती माणसं आहेत हे कळायला चेहरे लागत नाहीत. कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर वर्ग भरलेला आहे की रिकामा ते सांगतो, आणि खिडकी उघडायची वेळ झाली तेही. नोंद ठेवायचीच असेल तर ती किती दिवसांनी पुसणार हे आधी जाहीर करा. चेहऱ्यावरून हजेरीला माझा स्पष्ट विरोध आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा नाही.

तयार सॉफ्टवेअर घ्यावं की स्वतः बनवावं?

शक्यतो बनवू नका. शिकवण्याच्या व्यवस्थेसाठी २००२ पासून वाढत आलेलं मूडलसारखं मुक्त सॉफ्टवेअर आहे, विकतचेही पर्याय आहेत. मात्र फुकट सॉफ्टवेअरलाही सांभाळणारी माणसं लागतात आणि त्यांचा पगार फुकट नसतो. विकत घेताना एकच प्रश्न ताणून धरा: उद्या आम्ही सोडून गेलो तर आमचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत देणार? विक्रेता इथे घुटमळला की काय ते समजा.

प्राध्यापक साथ देत नाहीत, काय करावं?

आधी त्यांचा तास मोजा. नवी प्रणाली आल्यावर गुण भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का? बऱ्याचदा लागतो: प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळं पान उघडायचं, जतन करायचं, मागे यायचं. मग विरोधाला ‘बदलाची भीती’ म्हणणं अन्याय आहे. त्यातल्या सगळ्यात नाखूश माणसाला चाचणी गटात घ्या. दोष तोच दाखवील, आणि तो राजी झाला की बाकीच्यांना समजवायला प्रशिक्षण शिबिर लागत नाही.

एकदा पैसे ओतले की काम संपलं, असं कधी होतं?

इमारतीचं होतं, याचं नाही. फायबर पाव शतक टिकतं, स्विच सात ते दहा वर्षं, अ‍ॅक्सेस पॉइंट पाच-सहा. देणगीदाराच्या नावाची पाटी संगणक कक्षावर लागते, पण सहाव्या वर्षीचे स्विच बदलायला देणगीदार मिळत नाही. ती तरतूद पहिल्या वर्षापासूनच वार्षिक अंदाजपत्रकात हवी.

कागदी अर्ज कधी बंद करायचे?

ऑनलाइन सुरू केल्यावर एका सत्राच्या आत. दोन्ही पद्धती चालू राहिल्या की कारकून आलेला ऑनलाइन अर्ज छापतो, त्यावर शिक्का मारतो, फाइलला लावतो आणि पुन्हा संगणकात भरतो. काम दुप्पट. तारीख आधी ठरवा, त्या दिवशी कोऱ्या अर्जांचे गठ्ठे खिडकीवरून उचला. एक खिडकी मात्र माणसासह उघडी ठेवा. ज्याचा फोन बंद पडला, ज्याला स्क्रीन वापरता येत नाही, ज्याचं प्रकरण कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्याच्यासाठी. तिथल्या माणसाने अर्ज स्वतः संगणकावर भरून द्यायचा, आणि कोणत्या कारणासाठी किती जण आले ते महिन्याला कुलसचिवांना कळवायचं.